मोन्देल्लोला दोघंच

आमच्या पालेर्मोचे लोक उन्हाळ्यात सुट्टीवर जातात. कुठे, तर मोन्देल्लोला. म्हणजे पालेर्मोतच. बसमध्ये बसलं की तिकिटाची घडी घालेपर्यंत मोन्देल्लो येतं. पण तयारी बघाल तर घराणंच्या घराणं देशोधडीला निघालंय असं वाटावं. गाद्या काय, पंखे काय, टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या काय! आणि निरोप घेताना जिन्यात गळाभेटी. अरे, संध्याकाळी अंघोळीला घरीच येणार आहात ना?

तिथे वाळूत लाकडी केबिनींच्या रांगा असतात. केबिन म्हणजे काय, उभं कपाट. त्याला पुढे हातभर ओटा. असलं एकेक कपाट चार-चार कुटुंबं मिळून उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतात आणि त्यात कपडे बदलतात, वांगी तळतात, पत्ते कुटतात आणि सप्टेंबरपर्यंत एकमेकांशी बोलेनाशी होतात. पहिल्या रांगेतल्यांना समुद्र दिसतो. चौथ्या रांगेतल्यांना तिसऱ्या रांगेतल्यांचे वाळत घातलेले लंगोट दिसतात.

गास्पारे तान्तिल्लो चौथ्या रांगेतला. नोकरी जमीन नोंदणी कचेरीत, खिडकी क्रमांक दोनवर. आयुष्यात कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणाला नाही, याचा त्याला कोण अभिमान! खिडकीवर आलेल्यालासुद्धा तो कधी 'काम होणार नाही' म्हणायचा नाही. 'गुरुवारी या' म्हणायचा.

त्या वर्षी मे महिन्यात त्याची बायको मेलीना हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली. मेलीना बसली म्हणजे काहीतरी गंभीर आहे, एवढं त्याला कळत होतं.

"गास्पारे, या फेर्रागोस्तोला आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात."

फेर्रागोस्तो म्हणजे पंधरा ऑगस्ट. मारियामातेचा सण. त्या दिवशी अख्खा इटली देश दुकानं बंद करून जेवायला बसतो. असल्या दिवशी लग्न करणारा महाभाग गास्पारेच. सगळं गाव मोन्देल्लोला असल्यामुळे चर्च रिकामं मिळालं म्हणून खूश झाला होता.

"तुला काय हवं? बांगडी?" गास्पारेने विचारलं.

"बांगडी घालून वांगीच तळायची ना? नको. मला दोन खुर्च्या हव्यात. समोर समुद्र. पाव-टोमॅटो खाऊ, पण दिवसभर मी एका भांड्याला हात लावणार नाही. तू आणि मी. केबिनीतल्या चौदा माणसांचं रांधणं मला आता होत नाही रे. तिसरं माणूस आलं ना, तर मी उठून चालू लागेन. हसू नकोस."

"हसत नाहीये."

"गेल्या वर्षी सगळे जेवल्यावर मी तव्याला चिकटलेलं खरवडून खाल्लं. तुला माहीत तरी आहे का?"

माहीत नव्हतं. तो त्या वेळी झोपला होता. पण गास्पारे मनाने वाईट नव्हता, नुसता बावळट होता. त्याला खरंच गलबलून आलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि वचन दिलं: पहिल्या रांगेत, स्वतंत्र केबिन, दोघंच.

आता वचन देणं सोपं. केबिनींच्या कचेरीतला बाबा चष्म्यावरून त्याच्याकडे असा बघायला लागला, की गास्पारेने जणू त्याच्या अंगावरचे कपडे मागितले होते.

"एका कुटुंबाला एक केबिन? मग बाकीचे कुठे जाणार?"

"बाकीचे कोण?"

"ते मला काय माहीत? बाकीचे असतातच. आणि केबिनींचं वाटप सिन्योर बार्राको बघतात. ते सुट्टीवर आहेत."

"कुठे गेलेत?"

"मोन्देल्लोला."

"परत कधी येतील?"

"गुरुवारी या."

गास्पारेचं पित्त खवळलं. ही काय माणसाशी वागायची रीत झाली? लोकांच्या वेळेला काही किंमत? तो तरातरा बाहेर पडला, बस पकडली आणि मोन्देल्लो गाठलं. बार्राकोसाहेब पहिल्या रांगेत, छत्रीखाली, पोट उन्हाला देऊन पडले होते. सुट्टीत आपण कचेरीचं बोलत नसतो, असं त्यांनी डोळे न उघडता सांगितलं. कचेरीतही ते कचेरीचं बोलत नसत, ही गोष्ट निराळी. गास्पारेने पळत जाऊन बर्फाचं लिंबू सरबत आणलं. मग बदामाचं आणलं. मग साहेबांच्या पाठीला तेल चोळलं आणि आणखी एक सरबत आणलं. राजपत्रित नसला तरी सरकारी माणूस, आणि भर समुद्रावर दुसऱ्याची पाठ चोळतोय! तिसऱ्या सरबतानंतर साहेबांना आठवलं की पहिल्या रांगेतली एक म्हातारी लेकाकडे रोमला गेली आहे, तिची केबिन रिकामी आहे.

गास्पारेचा आनंद गगनात मावेना. आणि आनंद झाला की आमच्या माणसाची जीभ सुटते. तो म्हणाला, "बार्राकोसाहेब, फेर्रागोस्तोला तुम्ही आमच्याकडेच यायचं जेवायला!"

बार्राकोने छातीवर हात ठेवला. "छे छे. आल्यासारखंच समजा."

इथे काही बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. आमच्याकडे माणूस रस्त्यात उभा राहून केळं खात असला तरी ओळखीच्याला 'या ना' म्हणतो. आणि ओळखीचा 'आल्यासारखंच समजा' म्हणून पुढे जातो. एकदा 'या' म्हटलं तर ती वाऱ्यावरची वरात. दोनदा म्हटलं तर माया. तिसऱ्यांदा म्हटलं तर मात्र ताट मांडावं लागतं. हे पालेर्मोतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

त्यामुळे गास्पारे निर्धास्तपणे 'या' म्हणत सुटला. पहिला नंबर तळमजल्यावरच्या कुसिमानोचा. हे निवृत्त हिशेबनीस. चौथ्या रांगेतल्या त्याच केबिनीत यांचाही वाटा. तान्तिल्लो मंडळी आता पहिल्या रांगेत जाणार हे कळल्यावर ते जिन्यात भेटले तर भिंतीशी बोलायला लागले.

"लोकांना पंख फुटले," ते भिंतीला म्हणाले. "फुटोत बापडे. पण पहिल्या रांगेत छत्री वाऱ्याला तिरपी लावावी लागते. हे लोकांना कोण सांगणार? आम्ही नाही सांगणार."

आणि मग अर्धा तास सांगितलं. छत्रीचा दांडा किती खोल पुरायचा, कलिंगड गार राहायला ओल्या वाळूत कुठल्या बाजूने पुरायचं, खुर्च्या कापडी घ्यायच्या की लाकडी. गास्पारे ओशाळून म्हणाला, "फेर्रागोस्तोला तुम्ही यायचं हं, कुसिमानोकाका."

"छे छे. आल्यासारखंच."

वरच्या मजल्यावरची विधवा सिन्योरा पिपितोने तर गास्पारेला ओढून घरातच घेऊन गेली. "पहिली रांग? अरे मेल्या, तिथे समुद्राचा वारा थेट मूत्रपिंडात शिरतो! माझे वडील पहिल्या रांगेत एकदा बसले, एकदाच, ते मरेपर्यंत वाकडे चालले. पोटाला लोकरी पट्टा बांध. आणि जेवल्यावर तीन तास पाण्यात पाय घालशील तर खबरदार!" बाईंना समुद्राची सगळी माहिती, आयुष्यात कधी घोट्याच्या वर भिजल्या नव्हत्या. त्यांनाही गास्पारेने 'या' म्हटलं. त्यांनीही 'आता माझं काय वय राहिलंय' म्हणून हात झटकले.

मेलीनाच्या कानावर हे गेलंच.

"किती जणांना बोलावलंस?"

"कुणालाच नाही. म्हणजे सगळ्यांनाच. पण येणार कुणी नाहीये."

"किती वेळा म्हणालास?"

"एकदाच."

"शपथ घे."

"तुझी शपथ, एकेकदाच! आणि तेही उभ्याउभ्या."

मेलीनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि मान डोलावली. ती पालेर्मोचीच. तिला नियम ठाऊक होता. त्या दिवशी तिने पेटीतून जुनी गवती टोपी काढली, फडक्याने पुसली आणि आरशासमोर उभी राहून घालून बघितली. बऱ्याच वर्षांनी आरशासमोर उभी राहिली बाई. दोन कापडी घडीच्या खुर्च्या ती स्वतः जाऊन घेऊन आली, निळ्या पट्ट्यांच्या.

सगळं नीट चाललं होतं. पण कचेरीत इंजिनियर जिराउदो होते ना!

हे गास्पारेचे नवे साहेब. वसंतात बदलून आलेले, कुनेओचे. कुनेओ म्हणजे पार वरती, आल्प्सच्या पायथ्याशी. तिथले लोक थंडीमुळे कमी बोलतात आणि जे बोलतात ते त्यांना खरंच म्हणायचं असतं, असा त्यांचा एक रोग आहे. साहेब दुपारी एकटेच टेबलाशी बसून सुरीने सफरचंद कापून खायचे. ऑगस्ट लागला तसं एके दिवशी त्यांनी सहज विचारलं, "फेर्रागोस्तोला काय करता हो तुम्ही लोक?"

झालं. गास्पारेने समुद्राचं वर्णन सुरू केलं. पहिली रांग, निळ्या पट्ट्यांच्या खुर्च्या, वाळूत पुरलेलं कलिंगड. आता समोरच्याला एवढं सगळं ऐकवायचं आणि 'या' म्हणायचं नाही, हे कुठल्या सभ्यपणात बसतं? तो म्हणाला, "तुम्हीही या ना, साहेब!"

इंजिनियरसाहेबांनी सुरी खाली ठेवली.

"किती वाजता?"

असा प्रश्न पालेर्मोत आजवर कुणी कुणाला विचारलेला नव्हता.

"म्हणजे... आपलं... दुपारचंच..."

"एक वाजता? चालेल. ओर्नेल्लाला, माझ्या बायकोला, आनंद होईल. इथे आल्यापासून आम्हाला कुणी घरी बोलावलंच नाही." कसं बोलावलं नाही? रोज शंभर जण बोलावत होते, यांना वेळ विचारायचं सुचलं नव्हतं इतकंच! "काय आणू?"

"छे, काही नको."

"बरं," साहेब म्हणाले, आणि काही आणायचं नाही हेही त्यांनी पक्कं केलं.

साहेबांना 'येऊ नका' म्हणायची गास्पारेची छाती नव्हती. घरी जाऊन बायकोला सांगायचीही नव्हती. म्हणून त्याने जिन्यात कुसिमानोकाकांना सांगितलं. मन हलकं करायला गेला हा शहाणा, आणि कुणाकडे, तर ज्यांचं तोंड म्हणजे चर्चची घंटा त्यांच्याकडे.

कुसिमानोकाका लालबुंद झाले. "म्हणजे बोलावलेले लोक येतात तर! तीन महिन्यांपूर्वी डोंगरावरून उतरलेला माणूस तुझ्या ताटाला ताट लावून बसणार, आणि तुझ्या आईच्या शवपेटीला खांदा देणारा मी चौथ्या रांगेत लंगोट बघत बसणार? वा रे वा गास्पारे!"

"काका, तसं नाही हो..."

"तू मला 'या' म्हणाला होतास की नव्हतास?"

"म्हणालो होतो."

"मग मी आता 'हो' म्हणतोय. संपलं."

संध्याकाळपर्यंत सिन्योरा पिपितोनेंचं वयही कमी झालं होतं. त्या येणार होत्या, सोबत त्यांची बहीण येणार होती आणि बहीण नातवंडांना एकटं कुठे टाकणार? बार्राकोसाहेबांना कुणी कळवलं देव जाणे. त्यांचा निरोप आला की केबिन आपणच मिळवून दिली असल्यामुळे आपण सहकुटुंब न येणं बरं दिसणार नाही.

मेलीनाला हे साऱ्या मुलखाकडून कळलं. ती एक अक्षर बोलली नाही. बाजारात गेली, वांगी आणली, खिमा आणला आणि दोन दिवस ओट्यासमोरून हलली नाही. भट्टीत भाजायच्या, बारीक कड्यांच्या आकाराच्या शेवयांच्या परातीवर पराती लागल्या. गास्पारे मधूनमधून डोकावायचा.

"चिडलीस का?"

मेलीनाने वांग्यांचा पुढचा घाणा तेलात सोडला.

"नाही चिडली," गास्पारेने स्वतःची समजूत घातली. "चिडली असती तर बोलली असती." अक्कल वाटताना हा माणूस नक्की सुट्टीवर गेला असणार.

फेर्रागोस्तोला एक वाजता त्या कपाटाएवढ्या केबिनीसमोर जत्रा भरली. निळ्या पट्ट्यांच्या एका खुर्चीत कुसिमानोकाका, दुसरीत सिन्योरा पिपितोने, पोटाला लोकरी पट्टा बांधून. बार्राकोसाहेब ओट्यावर आडवे. पोरं वाळू उडवतायत. इंजिनियरसाहेब बरोबर एकला आले, बूटमोजे घालून, रिकाम्या हाताने. त्यांची बायको ओर्नेल्ला शिडशिडीत, पांढऱ्या केसांची, सगळ्यांकडे बघून हसणारी. बायकांनी तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि मग एकमेकींकडे.

मेलीना परात घेऊन वाढायला आली. पहिल्यांदा काकांकडे. "घ्या."

"छे, मला भूकच नाही."

"सिन्योरा पिपितोने?"

"आधी पोरांना दे गं. मी काय, पक्ष्यासारखी खाते."

"साहेब?"

"हो, द्या," इंजिनियरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या फेरीला काका म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून, पण अगदी नावाला." म्हणजे नाहीच. बार्राकोसाहेबांनी पोटावर हात ठेवून डोळे मिटले. इंजिनियरसाहेब म्हणाले, "उत्तम झालंय. आणखी द्या." तिसऱ्या फेरीला, जेव्हा शिस्तीप्रमाणे सगळ्यांनी हो म्हणायचं असतं, तेव्हा परात लख्ख होती. दुसऱ्या परातीचंही तेच झालं. वांग्यांचंही तेच. साहेबांना जे विचारलं त्याचं ते खरं उत्तर देत होते आणि बाकीची मंडळी सभ्यपणाने उपाशी मरत होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हावरट मेले," सिन्योरा पिपितोने बहिणीच्या कानात, पण तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वरती यांना काही मिळत नसणार."

गास्पारे सगळ्यांमध्ये नाचत होता. "घ्या हो, लाजू नका! मेलीना, पाव आण. मेलीना, काकांना पाणी. मेलीना, बर्फ कुठाय?"

तेवढ्यात ओर्नेल्लाने विचारलं, "तुम्ही कधी बसणार, सिन्योरा?"

मेलीना थबकली. हा प्रश्न आपल्याला आहे हे तिच्या लवकर ध्यानातच आलं नाही. "मी?" ती म्हणाली. "आज आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली."

एकच गलका झाला. "अरे वा! सांगितलं नाहीत! मग केक कुठाय?" हा केकवाला आवाज कुसिमानोकाकांचा. गास्पारेने नवरदेवासारखी मान झुकवली.

ओर्नेल्ला मात्र गलका करत नव्हती. ती मेलीनाच्या हातांकडे बघत होती. दोन दिवसांच्या भट्टीने भाजलेल्या बोटांकडे. "आम्ही इथून थेट चेफालूला निघतोय," ती म्हणाली. "आठवडाभर घर घेतलंय. गच्ची समुद्रावर आहे, स्वयंपाकाला बाई आहे. तुम्ही चला ना आमच्याबरोबर."

मंडळी खूश झाली. चला, या बाईला निदान रीत तरी कळते. सगळे मेलीनाकडे बघू लागले, आता ती छातीवर हात ठेवणार आणि 'आल्यासारखंच समजा' म्हणणार.

मेलीनाने पाव कापायचा चाकू आत नेऊन ठेवला. ॲप्रन सोडला, घडी घातली, ओट्यावर ठेवला.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"आत्ताच."

"मला पाच मिनिटं पुरतील."

गास्पारे हसला. काकाही हसले. मेलीना केबिनीत गेली, बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर ती गवती टोपी होती आणि हातात पिशवी. तेव्हा हसणं थांबलं.

"अगं मेलीना! लोक काय म्हणतील?"

"तू आहेस ना इथे. तूच विचार त्यांना." तिने पिशवी खांद्याला लावली. "मी तुझ्याकडे एकच दिवस मागितला होता रे. एकच."

आणि ती चालू लागली. गास्पारे वाळूतून अनवाणी तिच्या मागे. मागून मंडळीही, कारण असला तमाशा बसून कोण बघणार? रस्त्यावर इंजिनियरसाहेबांची गाडी उभी होती. मेलीना मागच्या सीटवर बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

साहेबांनी त्या जागेकडे बघितलं, मग गास्पारेकडे. "सिन्योर तान्तिल्लो, तुम्हीही चला की. जागा आहे."

त्याला जायचं होतं. त्याला इतकं जायचं होतं, की तसाच पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत तो गाडीत उडी मारायला तयार होता. तिच्या शेजारी बसावं, वाटेत काही न बोलता तिचा हात हातात घ्यावा, तिने झिडकारला तर पुन्हा घ्यावा. डोळे भरून आले त्याचे. आणि त्याचा हात आपसूक वर गेला, छातीवर टेकला, आणि तोंडातून शब्द गेले, "छे छे साहेब, मी कुठे तुम्हाला त्रास देऊ! तुम्ही व्हा पुढे."

असं म्हणून तो वाट बघत उभा राहिला. आणखी फक्त दोनदा विचारायचं होतं.

"बरं," इंजिनियरसाहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

ओर्नेल्ला जरा घुटमळली. तिने मागे वळून मेलीनाला विचारलं, "त्यांना खरंच यायचं नाहीये ना?"

मेलीनाने खिडकीतून नवऱ्याकडे पाहिलं. छातीवर ठेवलेल्या त्या हाताचा अर्थ तिथे फक्त तिला कळत होता. पंचवीस वर्षं कळत होता. तिने बराच वेळ पाहिलं.

"नको म्हणतायत ना ते," ती म्हणाली. "चला."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी गास्पारे तिथेच उभा. डांबर तापलं होतं, पाय पोळत होते.

"गेली तर गेली," काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येईल आठवड्याने. तोवर ते कलिंगड तरी काप. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

सगळे केबिनीशी परतले. कुसिमानोकाका निळ्या खुर्चीत बसले, सिन्योरा पिपितोनेंनी पट्टा घट्ट केला आणि गास्पारे चाकू आणायला आत गेला. तो बराच वेळ आत होता. चाकू कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं.